बार्शीची नोंदवही

दवाखान्यात आलेल्या रोग्याची नोंद दवाखाना ठेवतोच. पण एखाद्या मुलखात राहणाऱ्या सगळ्या माणसांपैकी वर्षभरात किती जणांना कॅन्सर झाला, हे सांगणारी वही वेगळी असते. तिच्यात दवाखान्याची पायरी न चढलेली माणसंही धरावी लागतात. घरातच खंगून गेलेली म्हातारी तिच्यात आली नाही, तर वही खोटी ठरते. अशी नोंद १९२६ साली जर्मनीत हॅम्बुर्गला सुरू झाली. डेन्मार्कने १९४२ पासून सबंध देशाची वही ठेवली. आपल्याकडे इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत ती उघडली आणि १९८१ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. मुंबई, बंगळुरू, मद्रास अशी ही सगळी शहरं. खेड्यातली बाई कशाने मरते, हे कुठल्याच वहीत नव्हतं.

ती वही १९८७ साली बार्शीत उघडली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदवही. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि त्याला लागून उस्मानाबादचे परांडा व भूम, अशा तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. डॉ. भगवान नेने यांचं बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल तिचं घर झालं, आणि तिची शास्त्रीय बाजू डॉ. कस्तुरी जयंत यांनी उभी केली.

शहरात नोंदणीचा माणूस हॉस्पिटलं फिरतो, प्रयोगशाळांतले कागद पाहतो, मृत्यूचे दाखले तपासतो. इथे गावात डॉक्टर नव्हता, दाखल्यावर मृत्यूचं कारण नव्हतं. मग बार्शीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव गेले. कोण आजारी आहे, कोणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे, कोणाच्या अंगावरून जातंय, हे विचारत फिरले. पाळी जाऊन वर्षं झाली आणि पुन्हा लाल जायला लागलं, तर ते उष्णतेचं म्हणून सोडून देऊ नका, हे त्यांनी बायकांना सांगितलं. संशय आला त्यांना तपासायला बार्शीला आणलं. मला या सगळ्या इतिहासात हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. मोजायला गेलेली माणसं नुसती मोजून परत आली नाहीत, ती उपचाराची वाट दाखवून आली. पुढे काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या, हे त्याच वहीने दाखवलं.

आणि तिने आणखी एक गोष्ट उघड केली. मुंबईत स्तनाचा कॅन्सर पुढे सरकत असताना या गावांत बायकांचा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर गर्भाशयमुखाचा होता. लोक त्याला पिशवीचा कॅन्सर म्हणतात. मानवी पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला की तो होऊ शकतो. हा संबंध शोधणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ साली नोबेल मिळालं. कॅन्सर होण्याआधीची पायरी दहा-पंधरा वर्षं चालू शकते, म्हणून तो वेळेत गाठता येतो. प्रश्न एवढाच होता की गावात, एकदाच भेटणाऱ्या बाईची कोणती तपासणी करावी?

त्याचं उत्तर उस्मानाबाद जिल्ह्याने दिलं. १९९९ पासून तिथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना गावांच्या ५२ गटांतून चार भागांत घेतलं गेलं. एका भागात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणं आणि चौथ्यात तपासणीची योजना नाही, फक्त नेहमीची सेवा. काम बार्शीच्या हॉस्पिटलचं, टाटा मेमोरियलचं आणि फ्रान्समधल्या लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं. निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ बायकांत या कॅन्सरचे ३४ मृत्यू, तर चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींनी मृत्यू तसे घटले नाहीत. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या देशांना विषाणूची चाचणीच पहिली निवड म्हणून सुचवली, तेव्हा त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायकाही होत्या.

ते ६४ मृत्यू मात्र नुसती तुलनेची बाजू म्हणून वाचता येत नाहीत. तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांना आधीच ठाऊक असताना एका भागाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, हा वाद पुढे वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत बराच झाला. त्या काळी त्या गावांत कुठलीच तपासणी नव्हती, हे संशोधकांचं म्हणणं खरं आहे. तरी ज्या बायकांच्या जिवावर जगाला ही चाचणी कळली, त्यांच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईला ती आजही सहज मिळायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

आता सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातल्या हुलसूरकडे पाहू. बीदर आणि उस्मानाबाद १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. भाषावार प्रांतरचनेत बीदर म्हैसूरकडे गेलं, उस्मानाबाद मुंबई राज्यात. हुलसूरच्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, सोयरिकी निलंगा-उमरग्याकडे होतात, बायकांचं शेतातलं काम आणि दुखणं अंगावर काढणंही तेच. पण नोंदवही सीमेपाशी थांबली. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात लोकसंख्येवर आधारित २८ नोंदवह्या आहेत. त्यांत बार्शी आहे, उस्मानाबाद-बीड आहे, पण कर्नाटकातून एकटं बंगळुरू. अशा नोंदवहीत फक्त त्या त्या भागातले रहिवासीच मोजतात. म्हणजे हुलसूरची बाई बार्शीला उपचार घेऊन बरी झाली, तरी बार्शीच्या आकड्यात ती धरली जात नाही. आणि त्या अहवालात बीदरचा आकडाच नाही. कलबुर्गीत किदवई संस्थेचं कॅन्सर केंद्र आहे, बीदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. बार्शीने १९८७ साली याहून कमी साधनांवर ३४६ गावं धरली. बीदरने निदान हुलसूर, बसवकल्याण आणि भालकी या तीन तालुक्यांपासून आपली वही उघडावी.