चौकट, चुंगचुंग आणि एक लाख एकतीस हजार माणसं

परवा शुक्रवारी संध्याकाळी आमचा रिलीज नेहमीप्रमाणे अडकला. बिल्ड संपेपर्यंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं होती, म्हणून आम्ही तिघं कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसलो. आमच्या टीममध्ये दोन बंगाली आहेत. एक टेस्टिंगवाला, एक डेटाबेसवाला. एरवी दोघांचं गूळपीठ. दुर्गापूजेला एकत्र, डबा एकत्र, मॅनेजरला शिव्या एकत्र. पण मी सहज विचारलं, "काय रे, पुढच्या डर्बीला काय होणार?" आणि पुढची पाऊण तास मी तिथे नव्हतोच जणू. बिल्ड कधी झाला, कधी फेल झाला, कोणालाच पत्ता नाही.

गंमत म्हणजे दहा मिनिटांतच ते पुढच्या मॅचवरून घसरून १९९७ च्या मॅचवर आले. टेस्टिंगवाला ईस्ट बंगालचा. तो फक्त एवढंच म्हणाला, "दादा, पेपरवर तर तुम्ही तेव्हाही जिंकला होतात." डेटाबेसवाल्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता भांडण होणार. म्हणून शनिवार-रविवार जरा वाचत बसलो. त्यातून हे.

आपल्याकडे पानिपतावर जर-तरची चर्चा लढाई होऊन अडीचशे वर्षं झाली तरी चालू आहे. जर भाऊसाहेबांनी अमुक केलं असतं, जर विश्वासरावांना गोळी लागली नसती... कोलकात्यात हीच चर्चा मॅचच्या आधी होते. आधी आठवडाभर, गल्लीबोळात, चहाच्या टपरीवर, बसमध्ये, मासळीबाजारात. त्याला ते अड्डा म्हणतात. आणि जुलै १९९७ च्या दुसऱ्या आठवड्यात हा अड्डा जेवढा तापला होता तेवढा क्वचितच तापला असेल.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपण मराठी माणसं क्रिकेटवाली. (कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा हेही आपल्यातल्या निम्म्यांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.) मोहन बागान हा क्लब १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी त्यांनी आयएफए शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं. गोऱ्यांच्या लष्करी टीमला, आणि तेही अकरापैकी दहा जण अनवाणी खेळून. बंगालची फाळणी, स्वदेशी, बॉम्ब, असा तो काळ. त्यामुळे हा विजय फुटबॉलपुरता राहिला नाही. ईस्ट बंगाल त्यानंतरचा. जुलै १९२० मध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या मॅचला शैलेश बोस नावाच्या खेळाडूला टीमबाहेर ठेवलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी कारण विचारलं, धड उत्तर मिळालं नाही, ते बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० ला नवा क्लब निघाला. म्हणजे एका सिलेक्शनच्या भांडणातून शंभर वर्षं टिकलेला क्लब! आपल्याकडे अशा भांडणातून नवीन गणेश मंडळ निघतं. दोन्ही क्लब लीगमध्ये पहिल्यांदा समोरासमोर आले ते २८ मे १९२५ ला. ईस्ट बंगाल १-० ने जिंकला.

पण खरी आग लागली १९४७ नंतर. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित आले. घर गेलं, शेत गेलं, नदी गेली. कोलकात्यातले जुने लोक, ज्यांना घोटी म्हणतात, ते या नव्या लोकांना बांगाल म्हणायचे आणि त्यांच्या बोलीला हसायचे. या माणसांना नवीन शहरात आपलं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. एक क्लब होता, ज्याच्या नावातच त्यांचा सुटलेला मुलूख होता. आमच्या टेस्टिंगवाल्याचे आजोबा बारिसालचे. तो म्हणतो, आजोबांना ऑफसाईड शेवटपर्यंत कळला नाही, पण ईस्ट बंगाल हरला की ते रात्री जेवायचे नाहीत. ईस्ट बंगाल जिंकला तर घरी इलिश, मोहन बागान जिंकला तर पलीकडच्या घरी कोळंबी. हे आपण नुसती दंतकथा म्हणून ऐकतो, पण मॅचनंतर माशांचे भाव खरोखर हलायचे असं दोघंही शपथेवर सांगतात.

(एक तिरकस गोष्ट सांगतो. १९११ च्या त्या मोहन बागान टीममधले बरेच जण मुळात पूर्व बंगालातलेच होते. हे मी शुक्रवारी डेटाबेसवाल्याला सांगितलं असतं तर माझा चहा माझ्याच अंगावर आला असता.)

असो. तर १९९७.

फेडरेशन कपची सेमीफायनल, रविवार १३ जुलै, सॉल्ट लेक स्टेडियम. मोहन बागानचे कोच अमल दत्त. हा माणूस मला फार आवडला. पूर्ण वेळ कोचिंग हाच व्यवसाय करणारा भारतातला पहिला माणूस म्हणून त्यांचं नाव घेतात. पदरमोड करून इंग्लंडला जाऊन त्यांनी कोचिंगचा कोर्स केला. त्या काळात नोकरी सांभाळून संध्याकाळी शिट्टी वाजवणं म्हणजे कोचिंग होतं, तेव्हा हा गृहस्थ थिअरी वाचत होता, परदेशी मॅचेसच्या फिल्म्स जमवून लोकांना दाखवत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळे जुन्या सिस्टिमला ठिगळं लावत बसलेले असताना हा नवीन आर्किटेक्चर घेऊन आलेला माणूस. १९९७ मध्ये त्यांनी आणलं ते 'डायमंड'. मिडफिल्डचे चौघं पत्त्यातल्या चौकटीसारखे उभे: एक मागे, दोन बाजूंना, एक पुढे. आणि सगळा भर आक्रमणावर. बॉल आपल्याकडे असला की माणसं लाटेसारखी पुढे जायची. भारतीय फुटबॉलला हे नवीन होतं. आणि ते चाललंही! क्वार्टर फायनलमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला त्यांनी ६-० ने धुतलं. चर्चिल म्हणजे काही गल्लीतली टीम नव्हे.

पलीकडे ईस्ट बंगालचे कोच पी. के. बॅनर्जी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कॅप्टन, फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीत भारताचा गोल करणारे, १९६२ च्या एशियाडच्या सुवर्णपदक विजेत्या टीममधले. मजा म्हणजे खेळाडू म्हणून ते या दोन बड्या क्लबांपैकी एकाकडूनही खेळले नाहीत. बहुतेक कारकीर्द ईस्टर्न रेल्वे. तरी कोच म्हणून दोन्हीकडे नांदले. १९७५ च्या शील्ड फायनलमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० हरवलं तेव्हा कोच पीके, आणि १९७७ मध्ये पेले कॉसमॉस घेऊन ईडन गार्डन्सवर आला तेव्हा मोहन बागानचे कोचही पीकेच. थिअरीपेक्षा माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मॅचआधी ते खेळाडूंना जे काही बोलायचे त्याला कोलकात्यात 'व्होकल टॉनिक' असं नावच पडलं होतं.

म्हणजे त्या आठवड्यातला अड्डा दोन टीमपुरता नव्हताच. पुस्तक विरुद्ध अनुभव, पद्धत विरुद्ध माणूस असा तो वाद होता. डेटाबेसवाला तेव्हा बारा वर्षांचा होता. तो सांगतो, त्यांच्या गल्लीत ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही असे काका लोक कॅरमबोर्डावर सोंगट्या मांडून एकमेकांना डायमंड समजावत होते. बागानवाल्यांचा युक्तिवाद साधा होता: सहा गोल. चिमा ओकोरी आपल्याकडे. हा नायजेरियन स्ट्रायकर इंग्लंडमध्ये ग्रिम्सबीला खेळून आलेला, अंगानं आडदांड, त्याला आडवणार कोण? ईस्ट बंगालवाल्यांकडे उत्तर म्हणून काय होतं? एक म्हातारा होत चाललेला कोच आणि सिक्कीमचा एक वीस वर्षांचा पोरगा, बायचुंग भूतिया, जो दोन वर्षं पंजाबात जेसीटीकडून खेळून नुकताच परत आला होता. प्रामाणिकपणे सांगतो, मी तिथे असतो तर माझेही पैसे मोहन बागानवर लागले असते. सहा गोल हा डेटा आहे, बाकी सगळं भावना.

पण एक गोची होती. तो डेटा एकाच मॅचचा होता, आणि ज्या प्रतिस्पर्ध्याला डायमंड म्हणजे काय हे अजून कळलं नव्हतं त्याच्याविरुद्धचा होता. स्टेजिंगवर सगळे टेस्ट केस हिरवे झाले म्हणून प्रोडक्शनला न बघता ढकललेला रिलीज कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय आता समोरच्याकडे अख्खा आठवडा होता, आणि शहरातला प्रत्येक पेपर त्याला फुकटात डायमंड समजावून सांगत होता.

आणि मग अमल दत्त बोलले. पेपरवाल्यांशी बोलताना त्यांनी भूतियाला 'चुंगचुंग' म्हटलं. ईस्ट बंगालचा सोसो, त्याचं केलं 'शोशा', म्हणजे काकडी. केनियाचा ओमोलो झाला 'ऑम्लेट'. शहर हसलं. बागानवाले तर आठवडाभर हसत होते, आणि काकडी-ऑम्लेटचे विनोद दुसऱ्या पक्षाच्या दारात जाऊन सांगत होते. दत्तांनी हे मुद्दाम केलं का, प्रतिस्पर्ध्याचं डोकं फिरवायला? मला वाटतं, हो. एवढा अभ्यासू माणूस तोंडातून सुटलं म्हणून बोलणार नाही. फक्त ज्या क्लबाच्या लोकांनी पन्नास वर्षं आपल्या बोलीची टिंगल ऐकली, त्यांच्या खेळाडूंच्या नावांची टिंगल करायची, यात हिशेब कुठेतरी चुकला. आणि पीकेंचं काम सोपं झालं. असं म्हणतात की त्या वेळी त्यांना टॉनिक घरी बनवावं लागलं नाही, रोज सकाळी पेपरमध्ये तयार येत होतं.

मॅचला किती लोक होते? १,३१,७८१. हा आकडा मी दोनदा वाचला. म्हणजे आपली चार वानखेडे. भारतात कुठल्याही खेळाच्या मॅचला याहून मोठी गर्दी झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

मॅचचं फार लांबवत नाही. नझीमुल हकने ईस्ट बंगालचा पहिला गोल केला. दुसरा भूतियाचा. मग चिमाने एक परत केला आणि मैदानाचा अर्धा भाग पुन्हा जिवंत झाला. पण बरोबरीसाठी बागान जितका पुढे सरकला, तितकी त्यांच्या मागे जागा मोकळी पडत गेली. चौकटीची हीच तर किंमत आहे, आणि वेगवान पोराला दुसरं काय हवं असतं? भूतियाने शेवटी आणखी दोन मारले. ४-१. चुंगचुंगची हॅटट्रिक.

डेटाबेसवाल्याचे बाबा मैदानात होते. रात्री उशिरा चालत घरी आले. आईने संध्याकाळी मोठ्या उमेदीनं कोळंबी आणून ठेवली होती. ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बांगाल घरातून वाटीभर इलिश आला. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "झाकून ठेव." तो सांगताना हसत होता, पण अगदी सगळं हसू नव्हतं ते.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फारच गोड वाटेल. १६ ऑगस्ट १९८० ला याच दोन टीमच्या मॅचमध्ये, ईडन गार्डन्सवर, मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली आणि स्टँडमध्ये दंगल पेटली. तिथे दोन्ही बाजूंचे लोक मिसळून बसले होते. चेंगराचेंगरीत सोळा जण मेले. मॅच बघायला गेलेले सोळा जण. काका लोक सोंगट्या मांडून वाद घालतात तोवर ठीक असतं. टेस्टिंगवाल्याच्या घरात त्या तारखेनंतर काही वर्षं कोणालाही मैदानावर जायची परवानगी नव्हती, फक्त रेडिओ. त्याच्या वडिलांनी १३ जुलैची मॅचही घरूनच अनुभवली. एवढा मोठा विजय आणि माणूस मैदानात नाही!

पुढे काय झालं? ईस्ट बंगाल फायनलला गेला आणि गोव्याच्याच साळगावकरकडून हरला. आणि त्याच मोसमात, १९९७-९८ ची नॅशनल लीग जिंकली ती मोहन बागानने. म्हणजे डायमंड चूक होतं की बरोबर याचा निकाल काही लागला नाही. अमल दत्त २०१६ च्या जुलैमध्ये गेले, १० तारखेला, त्या मॅचच्या तारखेच्या तीन दिवस आधी. पीके २०२० मध्ये.

हे सगळं वाचून झाल्यावर मी सोमवारी दोघांना एक नवी गोष्ट विचारणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ड्युरँड कपची डर्बी सुरक्षेच्या कारणाने रद्द झाली. आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीच्या प्रकरणाने शहर पेटलेलं होतं. त्या रविवारी मॅच नसताना दोन्ही क्लबांचे चाहते सॉल्ट लेकबाहेर जमले, एकमेकांचे झेंडे शेजारी धरून, आणि दोघांनीही पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. टेस्टिंगवाल्याचा चुलतभाऊ तिथे होता हे मला माहीत आहे. डेटाबेसवाल्याचं कोणी होतं का, ते विचारायचंय.

आणि हो, बिल्ड अजून फेलच आहे.