कॉलेजचं मैदान आणि व्यावसायिक फुटबॉल : अमेरिकेची गोष्ट

आजचा विषय खेळाचा असला तरी त्यामागचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे : विद्यापीठ नेमकं कशासाठी असतं?

इंग्लंडमध्ये किंवा ब्राझीलमध्ये चांगला फुटबॉल खेळणारा मुलगा लहानपणीच क्लबच्या हाती जातो. अमेरिकेत मात्र व्यावसायिक खेळाची वाट कित्येक वर्षं कॉलेजातून गेली. असं का झालं, ते आपण पाहू.

6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत एक सामना झाला. दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस खेळाडू, आणि चेंडू हातात घेऊन पळायला मनाई. रटगर्सने तो 6-4 असा जिंकला. गंमत अशी, की अमेरिकन फुटबॉल हा आपला पहिला सामना मानतो. नियम मात्र आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याच जवळचे होते. पुढे कॉलेजांनी तो दुसरा खेळ उचलून धरला आणि सॉकर मागे पडला.

कॉलेज क्रीडेचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने 1959 साली पुरुषांची राष्ट्रीय सॉकर स्पर्धा सुरू केली. पहिलं विजेतेपद सेंट लुईस विद्यापीठाचं. 1973 पर्यंत त्यांनी अशी दहा विजेतेपदं मिळवली, त्यातलं एक विभागून. त्यांची बहुतेक मुलं त्याच शहरात, गल्लीत आणि चर्चच्या संघांत खेळून तयार झालेली. म्हणजे खेळाडू मोहल्ल्याने घडवला, कॉलेजने त्याला पैलू पाडले. हे लक्षात ठेवू या, पुढे उपयोगी पडेल.

1984 च्या हंगामानंतर तिथली मोठी व्यावसायिक लीग बंद पडली. नवी लीग, एमएलएस, उभी राहिली ती 1996 साली. मधल्या बारा वर्षांत गुणी मुलाने जायचं कुठे? कॉलेजातच! 19 नोव्हेंबर 1989 रोजी त्रिनिदादमध्ये पॉल कॅलिजुरीने गोल केला आणि अमेरिका चाळीस वर्षांनी विश्वचषकात पोहोचली. कॅलिजुरी यूसीएलएचा, आणि संघही बहुतांशी कॉलेजांतून आलेला. इटलीत मात्र हा संघ तिन्ही सामने हरला. पद्धतीची ताकद आणि मर्यादा, दोन्ही एकदमच दिसल्या. कॉलेजचा हंगाम असतो जेमतेम काही महिन्यांचा. त्याच वयाचा युरोपातला खेळाडू जवळजवळ वर्षभर क्लबकडून खेळत असतो.

मुलींची कथा वेगळी आहे. 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घातली, आणि कॉलेजांना मुलींच्या खेळासाठीही पैसा काढावा लागला. नॉर्थ कॅरोलायनात अ‍ॅन्सन डॉरन्स यांनी 1979 साली मुलींचा संघ उभारला. 1991 चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तेच होते आणि संघात त्यांच्याच कॉलेजची मिया हॅम होती. तेव्हा मुलींना घडवणारे क्लब जगात फारच थोडे होते, त्यामुळे कॉलेजची व्यवस्थाच सगळ्यांच्या पुढे निघून गेली.

मग काळ बदलला. 2008 पासून एमएलएसच्या क्लबांना स्वतःच्या अकादमीतल्या मुलांना थेट करारबद्ध करता येऊ लागलं. क्रिस्टियन पुलिसिक किशोरवयातच जर्मनीत डॉर्टमुंडला गेला. 2012 मध्ये लिंडसे होरानने कॉलेज सोडून पॅरिसचा क्लब निवडला. 2024 मध्ये महिलांच्या लीगने कॉलेजमधून खेळाडू वाटून घेण्याची 'ड्राफ्ट' पद्धतच बंद केली.

मग कॉलेजची गरज संपली का? आपण दोन नावं शेजारी ठेवू. लँडन डोनोव्हन कॉलेजात न जाता किशोरवयातच लेव्हरकुसेनला गेला. क्लिंट डेम्प्सी फर्मन विद्यापीठातून एमएलएसमध्ये आणि तिथून फुलहॅमला. राष्ट्रीय संघासाठी दोघांचेही गोल 57! तिसरा मॅट टर्नर. कॉलेज संपलं तेव्हा ड्राफ्टमध्ये कुणी त्याला घेतलं नाही. 2022 च्या विश्वचषकात अमेरिकेचा गोलरक्षक तोच होता.

अकादमी सोळाव्या वर्षी निवाडा करते. कॉलेज तो चार-पाच वर्षं लांबवतं. अव्वल दर्जाच्या मुलाचा त्यात तोटा होऊ शकतो, हे मान्य करायला हवं. पण उशिरा उमलणाऱ्या मुलाला तीच वर्षं तारतात. आणि जी बहुसंख्य मुलं व्यावसायिक होतच नाहीत, त्यांच्या हाती निदान एक पदवी राहते. कुठलीही निवडपद्धत तपासताना, तिने किती तारे घडवले याबरोबरच, मागे राहिलेल्यांच्या पदरात काय टाकलं, हेही आपण विचारलं पाहिजे. विद्यापीठाचं काम तिथेच सुरू होतं.