लहान कार्यालयातील सर्व्हरची निवड आणि संवादसंकेतांची मालकी

युरोपीय आयोगाने २४ मार्च २००४ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीविरुद्ध दिलेल्या निर्णयाची दोन अंगे होती. त्यांपैकी 'मीडिया प्लेअर'विषयीचे अंग सामान्य वाचकास सहज आकलन होण्यासारखे होते. दुसरे अंग तितके सुगम नव्हते; परंतु व्यापाराच्या इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे होय. 'वर्कग्रुप सर्व्हर' या नावाने आयोगाने एक स्वतंत्र बाजारपेठ मानली. लहान व मध्यम जाळ्यांतील संगणकांना फाइली पुरविणे, छपाईची सोय करणे आणि वापरकर्त्यांची ओळख व अधिकार सांभाळणे, एवढीच या सर्व्हरची कामे. दहा-वीस माणसांच्या पेढीत कोपऱ्यातील टेबलाखाली गुरगुरत असलेले यंत्र ते हेच. असे यंत्र निवडताना ग्राहक कशाला महत्त्व देतो, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच न्यायनिर्णयाचा विषय झाला. आणि मेजावरील विंडोज संगणकांशी त्याचे कितपत जुळते ही गोष्ट त्या निवडीत वजनदार ठरते, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

या निष्कर्षामागे वीस वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतील युटा राज्याच्या नॉव्हेल कंपनीने १९८३ मध्ये 'नेटवेअर' ही प्रणाली बाजारात आणली, तेव्हा लहान कार्यालयाची गरज मर्यादित होती. महाग डिस्क व महाग छपाईयंत्र अनेकांनी वाटून वापरावे, इतकेच. नेटवेअरने हे काम चोख केले. डिस्कवरील खराब जागा ओळखून तेथील मजकूर अन्यत्र हलविणे, दोन डिस्कांवर एकच मजकूर जुळा लिहिणे, या सोयी तिने १९८० च्या दशकातच दिल्या. डिस्कसमूहांविषयीचा पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांचा सुप्रसिद्ध निबंध १९८८ चा आहे; पण जुळ्या डिस्कांचा लाभ छोट्या पेढ्यांना मिळू लागला तो प्रणालीच्या योगाने. तथापि नेटवेअरला एक अट होती. प्रत्येक मेजावरील संगणकात तिचा स्वतंत्र जोडकार्यक्रम चढवावा लागे आणि डॉसच्या ६४० किलोबाइट स्मृतीतील काही वाटा तो खाऊन टाकी.

यंत्राची निवड प्रणालीच्या मागून चालते, याचे एक उदाहरण येथे नमूद करण्याजोगे आहे. कॉम्पॅक कंपनीने १९८९ मध्ये 'सिस्टमप्रो' नावाचा सर्व्हर आणला. त्यात दोन प्रक्रियक बसविता येत, आणि जाहिरातीच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती. परंतु त्याच वर्षी आलेल्या नेटवेअर ३८६ ला दुसऱ्या प्रक्रियकाचा उपयोग करून घेता येत नव्हता. केवळ फाइली वाटण्यासाठी ज्याने तो दुसरा प्रक्रियक विकत घेतला असेल, त्याने शोभेची वस्तू घेतली असे म्हणावे लागते. अशा कार्यालयाच्या दृष्टीने चुका सुधारणारी स्मृती, जुळ्या डिस्का आणि खात्रीचा वीजपुरवठा यांवर खर्च केलेला पैसा प्रक्रियकावरील खर्चापेक्षा नेहमीच अधिक सत्कारणी लागला आहे.

विंडोज एनटी १९९३ मध्ये आली. १९९६ ची तिची चौथी आवृत्ती इंटेलखेरीज अल्फा, मिप्स व पॉवरपीसी या प्रक्रियकांवरही चाले, म्हणजे यंत्रनिवडीचे स्वातंत्र्य कागदावर पुष्कळ होते. प्रत्यक्षात लहान व्यापाऱ्याने इंटेलच घेतले. मधल्या काळात, १९९५ मध्ये, विंडोज ९५ प्रसृत झाली होती. तिच्यात मायक्रोसॉफ्टच्या जाळ्याशी बोलण्याची सोय मुळातच होती. नेटवेअरसाठीही तिच्यात जोडकार्यक्रम होता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मात्र तोही मायक्रोसॉफ्टनेच लिहिलेला होता. संभाषणाचे एक टोक ज्याच्या हाती, तो दुसरे टोक कसे असावे हे हळूहळू ठरवू लागतो. १९९७ मध्ये कंपनीने 'स्मॉल बिझनेस सर्व्हर' हा संच काढला. एकाच यंत्रावर फाइली, टपाल व इंटरनेट. किंमत सोयीची, परंतु संगणक २५ हून अधिक नकोत. पुढे ही मर्यादा ५० व नंतर ७५ झाली.

जाळ्यातील दोन यंत्रांनी एकमेकांस काय म्हणावे, कोणत्या क्रमाने म्हणावे व उत्तराचा अर्थ काय घ्यावा, याच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणजे संवादसंकेत म्हणतात. विंडोजचा फाइलवाटपाचा संकेत 'एसएमबी' हा मूळचा आयबीएमच्या बॅरी फाइगेनबॉम यांचा. मायक्रोसॉफ्टने तो वाढविला. त्याचे पूर्ण व्याकरण छापील स्वरूपात कोणासही उपलब्ध नव्हते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास ते बाहेरून उकलण्यास आरंभ केला. तारेवरून जाणारे संदेश टिपावेत, प्रश्न व उत्तर यांच्या जोड्या लावाव्यात, आणि तर्काने नियम बसवावा. अपरिचित बोलीचा अभ्यासक माहितगाराकडून वाक्ये वदवून घेतो, ती रीत यापेक्षा फारशी निराळी नाही. ट्रिजेल यांनी स्वतःही २००३ मध्ये आपल्या पद्धतीचे स्पष्टीकरण देताना, फ्रेंच न येणारा मनुष्य उपाहारगृहात बसून ती भाषा कशी शिकेल, हाच दाखला दिला. पुढे तर यदृच्छया रचलेल्या विनंत्या एनटीकडे व आपल्या सर्व्हरकडे पाठवून दोहोंची उत्तरे ताडून पाहणारी साधने त्यांनी बनविली. जेथे उत्तरे भिन्न येत तेथे नियम चुकला असे समजायचे. भाषाशास्त्रातील न्यूनतम भेदयुग्मांची आठवण व्हावी असे हे तंत्र होय. प्रणालीचे 'सांबा' हे नावसुद्धा एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द शब्दसूचीत यंत्राने शोधून घेतलेले आहे. त्या सूचीत 'सामनबेरी' हाही शब्द होता. तो निवडला गेला नाही, हे बरेच झाले!

लिनक्सवर सांबा चालवून जुन्या पेंटियम यंत्राचा सर्व्हर करणे यामुळे शक्य झाले, आणि प्रत्येक वापरकर्त्यामागे द्यावयाचे परवानाशुल्क वाचले. १९९८ मधील कोबाल्ट कंपनीची निळी घनाकृती पेटी 'क्यूब' ही याच जोडीवर उभी होती. सन कंपनीने २००० साली कोबाल्ट विकत घेतली. आयोगाकडे १९९८ मध्ये मूळ तक्रार नेणारीही सनच होती.

महाराष्ट्रातील कार्यालयांना या तुलनेत एक वेगळी अडचण होती. विंडोज २००० मध्ये देवनागरी लिहिता येऊ लागली व फाइलीस मराठी नाव देता येऊ लागले. परंतु सांबाची दुसरी आवृत्ती नावांसाठी कोडपेजांवर अवलंबून होती, आणि विंडोजने देवनागरीसाठी तसे कोडपेज कधी केलेच नव्हते. सप्टेंबर २००३ च्या तिसऱ्या आवृत्तीत युनिकोड आले, तेव्हा ही अडचण दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला.

खरा पेच ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा होता. विंडोज २००० मध्ये वापरकर्त्याची ओळख पटविण्यास एमआयटीमध्ये जन्मलेला 'केरबेरॉस' हा खुला संकेत घेतला गेला. मात्र त्यातील मोकळ्या ठेवलेल्या एका रकान्यात अधिकारांची माहिती मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या पद्धतीने भरली. वाक्यरचना सर्वांची, शब्द मात्र खाजगी, असा हा प्रकार. फाइलवाटप बाहेरून उकलणे कष्टाचे असले तरी साध्य होते. कार्यालयाची सारी ओळखव्यवस्था तशी उकलणे अतिदुष्कर ठरले. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १७ सप्टेंबर २००७ रोजी आयोगाचा निर्णय उचलून धरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एकवार १०,००० युरो भरून ते दस्तऐवज सांबाच्या मंडळींना पाहावयास मिळाले. माहितीसाठी पूर्वी अवाजवी मोल मागितल्याबद्दल फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीला आणखी ८९ कोटी ९० लाख युरोंचा दंड झाला. २०१२ मध्ये तो ८६ कोटींवर आणण्यात आला.

या दस्तऐवजांच्या आधारे सिद्ध झालेली सांबाची चौथी आवृत्ती ११ डिसेंबर २०१२ रोजी बाहेर पडली आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे काम मुक्त प्रणालीवर करता येऊ लागले. तक्रारीस तेव्हा चौदा वर्षे झाली होती. तक्रारदार सन कंपनी २०१० मध्येच ओरॅकलमध्ये विलीन झाली होती. स्मॉल बिझनेस सर्व्हर यापुढे निघणार नाही हे मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या जुलैतच जाहीर केले होते. टपाल व फाइली दूरच्या भाडोत्री यंत्रांवर ठेवण्याची प्रथा रूढ होऊ लागली होती. न्याय मिळाला, परंतु ज्या बाजारासाठी तो मागितला होता तो तोवर पांगला.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या उपद्रवी कार्यक्रमाने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील दोषाचा फायदा घेऊन जगभर संगणक बंद पाडले. सांबाच्या पक्षपात्यांना यात समाधान मानण्यास फारशी सवड मिळाली नाही. त्याच महिन्यात सांबातीलही एक गंभीर दोष प्रसिद्ध झाला. तो २०१० च्या ३.५ आवृत्तीपासून, सर्वांना वाचावयास खुल्या असलेल्या मजकुरात, सात वर्षे पडून होता. दुरुस्ती तत्काळ निघाली. परंतु लहान कार्यालयांतील डिस्कपेट्यांत सांबा आतच बसविलेली असे, आणि त्या पेट्यांच्या मालकांना उत्पादक सुधारित आवृत्ती देईपर्यंत थांबावे लागे.