सिनेमा पास घ्यायचा की नाही? आधी तुमची बुकिंग हिस्टरी उघडा

महिन्याला ३४९ रुपये, ४ सिनेमे. अशी ऑफर दिसली की डोक्यात लगेच गणित सुरू होतं. शनिवारी संध्याकाळचं एक तिकीटच ३०० च्या आसपास जातं, म्हणजे दोन सिनेमे पाहिले तरी पैसे वसूल!

मीही असंच गणित करून पेमेंटच्या पानापर्यंत पोहोचलो होतो. पैसे भरण्याआधी सहज तिकीट ॲपमधली बुकिंग हिस्टरी उघडली. १२ महिन्यांत १४ सिनेमे पाहिले होते. त्यातले ११ शुक्रवार ते रविवार. पास चालणार होता सोमवार ते गुरुवार, म्हणजे वर्षभरात तो मला फक्त ३ वेळा उपयोगी पडला असता! मी पेमेंटचं पान बंद केलं.

पण म्हणून पास वाईट असं नाही. कोणाला तो फायद्याचा आहे आणि कोणाला नाही, ते कसं ठरवायचं हे आज बघू.

थिएटर सबस्क्रिप्शन म्हणजे काय?

दरमहा ठरावीक रक्कम भरायची आणि त्या बदल्यात ठरावीक संख्येने सिनेमे थिएटरमध्ये बघायचे. हे जगाला नवीन नाही. फ्रान्समध्ये यूजीसी कंपनीने २००० सालीच अमर्याद सिनेमांचं कार्ड आणलं. अमेरिकेत एएमसी या थिएटर साखळीने जून २०१८ मध्ये ए-लिस्ट प्लॅन सुरू केला. तेव्हा त्याची किंमत होती महिन्याला १९.९५ डॉलर आणि आठवड्याला ३ सिनेमे, त्यात आयमॅक्ससुद्धा.

आपल्याकडे पीव्हीआर आयनॉक्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'पासपोर्ट' आणला. सुरुवातीला ६९९ रुपयांत महिन्याला १० सिनेमे, फक्त सोमवार ते गुरुवार. आयमॅक्स, गोल्ड, लक्स, डायरेक्टर्स कट असे महागडे स्क्रीन त्यात नव्हते, आणि किमान ३ महिन्यांसाठी घ्यावा लागायचा. नंतर ३४९ रुपयांत ४ सिनेमांचा प्लॅनही आला. असे प्लॅन बंद-चालू होतात, किंमतही बदलते. त्यामुळे घ्यायच्या दिवशी ॲपमध्ये दिसतात त्याच अटी खऱ्या धरा. खालचा हिशोब मात्र कुठल्याही प्लॅनला लागू पडतो.

थिएटरला हे परवडतं कसं?

मंगळवारी दुपारचा शो आठवा. २०० खुर्च्या, माणसं २५. एसी, प्रोजेक्टर, कर्मचारी यांचा खर्च तेवढाच. तुम्ही पासवर येऊन २६ वे प्रेक्षक झालात तर थिएटरचा जास्तीचा खर्च जवळजवळ शून्य. तिकिटातला वाटा वितरकाला द्यावा लागतो हे खरं, पण इंटरव्हलला तुम्ही पॉपकॉर्न घेतलंत की थिएटरची कमाई सुरू. शनिवारी रात्री तीच खुर्ची पूर्ण किमतीत विकली जाते, म्हणून तिथे पास चालत नाही. म्हणजे पासमध्ये तुम्हाला थिएटरच्या रिकाम्या खुर्च्या स्वस्तात मिळतात.

दुसरी कमाई न वापरलेल्या सिनेमांची. जिमची वर्षाची फी भरून फेब्रुवारीत जाणं बंद करणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. इथेही तेच. ४ पैकी १ सिनेमा पाहिलात तर ३४९ रुपयांचं एक तिकीट घेतलंत असा अर्थ होतो.

मूव्हीपासचं काय झालं?

अमेरिकेतल्या मूव्हीपासचं स्वतःचं एकही थिएटर नव्हतं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी महिन्याला ९.९५ डॉलरमध्ये रोज एक सिनेमा अशी ऑफर काढली. ग्राहकाला एक डेबिट कार्ड मिळायचं. थिएटरजवळ जाऊन ॲपमध्ये चेक-इन केलं की तिकिटापुरते पैसे त्या कार्डावर यायचे. थिएटरला मूव्हीपास पूर्ण किंमत देत होतं. कित्येक शहरांत एका तिकिटाची किंमतच महिन्याच्या फीएवढी होती, त्यामुळे महिन्याला दोन-तीन सिनेमे बघणारा प्रत्येक ग्राहक म्हणजे तोटा.

२०१८ च्या मध्यापर्यंत ३० लाखांहून जास्त ग्राहक झाले. जितके ग्राहक जास्त, तितका तोटा जास्त! सप्टेंबर २०१९ मध्ये सेवा बंद पडली.

यातल्या आपल्या कामाच्या भागाची २०२१ मध्ये अधिकृत दखल घेतली गेली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या आरोपांनुसार, कंपनीने सर्वांत जास्त सिनेमे बघणाऱ्या ७५ हजार ग्राहकांचे पासवर्ड 'संशयास्पद हालचाल' असं कारण देऊन रद्द केले होते. काहींना तिकिटाचा फोटो अपलोड करायची सक्ती होती. शिवाय ग्राहकांची माहिती नीट सुरक्षित ठेवली नाही, हाही आरोप होता. शेवटी प्रकरण तडजोडीने मिटलं.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला यातून एक गोष्ट पक्की कळते. नियम जाहिरातीत एक असतो आणि ॲपच्या कोडमध्ये दुसराही असू शकतो. म्हणून विकणाऱ्याला पैसे कसे मिळतात हे आधी बघा. थिएटरचा स्वतःचा पास टिकण्याची शक्यता जास्त, कारण खुर्च्या त्यांच्याच आहेत.

हिशोब कसा करायचा?

सूत्र सोपं आहे: महिन्याची फी ÷ तुमच्या थिएटरमधलं सोम-गुरु तिकीट = किमान किती सिनेमे बघायला हवेत.

समजा तुमच्याकडे बुधवारचं तिकीट १८० रुपये आहे.

• ३४९ चा पास: ३४९ ÷ १८० = १.९४, म्हणजे २ सिनेमे
• ६९९ चा पास: ६९९ ÷ १८० = ३.८८, म्हणजे ४ सिनेमे

इथे बरेच जण एक चूक करतात. तुलना शनिवारच्या ३०० च्या तिकिटाशी करतात, जे पासवर मिळणारच नाही. तुलना त्याच दिवसाच्या तिकिटाशीच करायची.

दुसरी गोष्ट, एप्रिल २०२५ मध्ये पीव्हीआर आयनॉक्सनेच मंगळवारी ९९ ते १४९ रुपयांत तिकिटं द्यायला सुरुवात केली. तुमच्याकडे ही ऑफर चालू असेल तर गणित बदलतं. १४९ च्या हिशोबाने ३४९ वसूल करायला ३ सिनेमे लागतात, ९९ च्या हिशोबाने चारही. मंगळवारी जाणं जमत असेल तर पास न घेताही काम होतं.

पेट्रोल, पार्किंग आणि खाणं पासमध्ये नसतं. पास 'वसूल' करायला दोन जास्तीच्या फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी २५० चं पॉपकॉर्न घेतलं, तर बचत तिथेच संपली.

अटींमध्ये काय बघायचं?

१. कोणते दिवस आणि सुट्टीच्या दिवशी काय? गणपती किंवा दिवाळी बुधवारी आली तर पास चालेल का?
२. तिकिटाच्या किमतीला मर्यादा आहे का? वरचा फरक कोण भरणार?
३. तुमच्या शहरातलं, तुम्ही नेहमी जाता तेच थिएटर यादीत आहे का?
४. पासवर बुक केल्यावर कन्व्हिनियन्स फी लागते का?
५. पास फक्त तुमच्या नावावर आहे का? मित्र तिकीट काढून येणार आणि तुम्ही पासवर, तर शेजारच्या खुर्च्या मिळतील का?
६. न वापरलेले सिनेमे पुढच्या महिन्यात जातात का?
७. किमान किती महिने? ३४९ चा पास ३ महिन्यांसाठी म्हणजे खिशातून जाणार १०४७.

पैसे यूपीआय ऑटोपेने कापले जाणार असतील तर ज्या यूपीआय ॲपमधून मंजुरी दिली तिथे 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' या भागात जा. तिथून ते बंद करता येतं. पैसे कापण्याआधी सूचना येते, ती न वाचता उडवू नका.

मराठी सिनेमे बघणाऱ्यांसाठी

मराठी सिनेमाला आधीच शो कमी, वेळाही अडनिड्या. पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी झाली नाही की शो आणखी कमी होतात. पास आहे म्हणून 'सोमवारी बघू' म्हणालात, तर सोमवारी तुमच्या भागात शोच नसेल असं होऊ शकतं. आणि त्या सिनेमाला तुमच्या तिकिटाची खरी गरज पहिल्या तीन दिवसांतच असते. त्यामुळे जो मराठी सिनेमा बघायचाच आहे त्याचं तिकीट सरळ पैसे देऊन शुक्रवारी काढा. पास इतर सिनेमांसाठी ठेवा.

मग घ्यावा का?

घ्या, जर: कॉलेज किंवा शिफ्टमुळे सोमवार ते गुरुवार दुपार मोकळी असते, थिएटर जवळ आहे, एकट्याने सिनेमा बघायला आवडतं आणि आताही महिन्याला ३ तरी सिनेमे बघता.

घेऊ नका, जर: सिनेमा म्हणजे वीकेंडला ग्रुपने जाणं, किंवा फक्त मोठे सिनेमे आयमॅक्समध्येच बघता, किंवा 'पास घेतला की जायला लागेन' असं वाटतंय. सवय आधी लागते, पास नंतर.

ठरवण्यासाठी दोनच मिनिटं लागतात. बुकिंग हिस्टरी उघडा, मागच्या ३ महिन्यांतले सोम-गुरुचे सिनेमे मोजा आणि त्या तिकिटांची बेरीज करा. बेरीज तीन महिन्यांच्या फीपेक्षा जास्त आली तर पास घ्या. कमी आली तर पैसे खिशात ठेवा आणि येत्या शुक्रवारी एक चांगला सिनेमा बघून या.