अटकेपार गेलेला वकील

गेल्या उन्हाळ्यात माझा एक वर्गमित्र पाठीवर पिशवी टाकून लंडन पाहून आला. स्वस्तातल्या होस्टेलात उतरला. तेथील सामाईक स्वयंपाकघरात त्याने एका रात्री पिठले केले. फोडणीच्या वासाने दोन पोर्तुगीज मुले आणि एक कोरियन मुलगी त्याच्या टेबलाशी येऊन बसली, आणि पुढचे चार दिवस हे चौघे मिळून शहर पायी हिंडले. ताडकळसला आमच्या ओसरीवर बसून तो हे सांगत होता, तेव्हा मला लंडनजवळचीच दुसरी एक चूल आठवली. ती १७८१ साली पेटली होती. तिच्यापाशी बसलेला माणूस राघोबादादांचा वकील होता.

आजचा धागा त्याच्याविषयी.

त्याचे नाव हणमंतराव. इंग्रजी कागदांत ते हुमंड राव, हम्मंड रो अशा नाना रूपांत आढळते. विलायतेतील कारकुनांनी ऐकले तसे लिहिले. तो ब्राह्मण होता. सोबत मणियार रतनजी नावाचे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा खरसेदजी. लंडनला पोहोचलेल्या मराठी दरबारच्या अगदी पहिल्या माणसांत या तिघांची गणना करावी लागते.

त्यांना धाडण्याचे कारण थोडक्यात सांगतो, कारण राघोबादादांची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, बारभाईंनी दादासाहेबांस दूर सारले, आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला. कलकत्त्याच्या इंग्रजांनी तो तह मानला नाही. त्यांनी पुढच्या वर्षी पुरंदरास पुणे दरबाराशी निराळाच तह केला. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मुंबईकरांची फौज अडकून पडली व शरण आली. मुंबई एक बोलते, कलकत्ता दुसरे बोलते, तर मग या दोघांचा धनी जेथे बसतो तेथेच जाऊन दाद मागावी, असा दादासाहेबांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. वेळ मात्र चुकली.

या तिघांच्या सोबतीकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. मला तीच भावते. पारशांना समुद्राचे वावडे नव्हते. कंपनीच्या सुरतेतील अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार घेऊन नवरोजी रुस्तमजी १७२४ मध्येच लंडनला जाऊन आले होते आणि न्यायही मिळवून परतले होते. रतनजींना त्या वाटेवर आपल्या समाजातील पूर्वसुरी होता. हणमंतरावांना कोणीच नव्हता. त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या हातचे पाणीदेखील प्रश्नच होता. एकाच खोलीत, एकाच कामासाठी राहणारे हे तिघे. पण चूल मात्र वेगळी.

आणि लंडन? आदल्या वर्षी, जून १७८० मध्ये, कॅथलिकांविरुद्धच्या दंगलींनी ते शहर अनेक दिवस पेटले होते. अमेरिकेतील युद्ध हातचे जात होते. लीडनहॉल रस्त्यावरील कंपनीच्या कचेरीत पदच्युत पेशव्याच्या वकिलाला बसायला पाट देण्याची कोणास फुरसत नव्हती. या मंडळींचे तेथे अतिशय हाल झाले. राहण्याची जागा वाईट, आचार पाळणे कठीण, आणि त्यांना नेमके काय लागते हे विचारणाराही कोणी नाही.

एडमंड बर्क यांनी त्यांना त्या अवस्थेत पाहिले. बर्क हे पार्लमेंटचे सभासद व नामांकित वक्ते. १७८१ च्या फेब्रुवारीत कॉमन्स सभेने बंगालच्या न्यायव्यवस्थेच्या चौकशीसाठी समिती नेमली होती, आणि तिच्या कामात ते बुडालेले होते. त्यांचा जिवलग नातलग विल्यम बर्क हा तंजावरचे राजे तुळजाजी भोसले यांचा मुखत्यार होता. म्हणजे एका मराठी दरबाराशी त्या घराचा संबंध आधीच जुळलेला होता; कावेरीकाठच्या दरबाराशी, एवढेच.

बर्क यांनी तिघांना लंडनहून आपल्या बीकन्सफील्डच्या मळ्यावर नेले. तेथे झाडांसाठी बांधलेले एक मोठे काचघर होते. ते त्यांनी पाहुण्यांच्या हवाली केले. तेथे हणमंतरावांनी आपल्या रीतीने स्नान करावे, पूजा करावी, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करावा. मध्ये कोणी येणार नाही. विलायतेत थंडीने मरणाऱ्या परदेशी रोपांना जगवण्यासाठी काचघर बांधतात. त्यात एका कर्मठ मराठी ब्राह्मणाची चूल मांडली गेली, हे चित्र मला विसरता येत नाही.

पुढे बर्क यांनी रघुनाथरावांस पत्र लिहिले. तुमच्या वकिलाचे येथे जे हाल झाले ते आमच्या अज्ञानामुळे झाले, त्याच्या आचाराला काय लागते हे आता आम्हांस समजले आहे, पुन्हा त्या जातीचा मनुष्य पाठवाल तर अधिक चांगली सोय होईल, असा त्याचा आशय आहे. बर्क यांना संत ठरवण्याचे कारण नाही. कंपनीविरुद्धच्या राजकारणात त्यांना हिंदुस्थानची माहिती हवी होती, आणि माहितीचा जिवंत स्रोत घरी राहायला आला होता. तरीही पाहुण्याला स्वतःच्या पंगतीस ओढण्याऐवजी त्याची वेगळी पंगत मांडून देणे, हे त्या काळच्या इंग्रज यजमानास सुचले, याचे मोल मी कमी मानत नाही.

कार्यभाग मात्र साधला नाही. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला आणि इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष सोडला. दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक घेऊन दादासाहेब कोपरगावी गोदावरीकाठी राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. (तीच गोदावरी पुढे आमच्या पूर्णा तालुक्याच्या कडेने वाहते.)

आता परतीची गोष्ट. फ्रान्सिस विल्फर्ड या काशीस राहणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने १७९९ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात ती लिहिली आहे. तो म्हणतो : राघोबांनी दोन ब्राह्मण इंग्लंडला पाठवले. जाताना ते समुद्रमार्गे सुएझपर्यंत गेले, येताना इराणातून आले, म्हणजे त्यांनी सिंधू ओलांडली. परतल्यावर त्यांना बहिष्कृत ठरवण्यात आले. अखेर शास्त्र्यांच्या निर्णयानुसार सोन्याची योनी घडवून, तीतून बाहेर काढून त्यांचा नवा जन्म झाल्याचे मानले गेले व त्यांना जातीत घेतले.

ही गोष्ट अनेक पुस्तकांत जशीच्या तशी उतरवली गेली आहे, म्हणून सावध राहावे. विल्फर्ड हा कच्चा साक्षीदार आहे. त्याच्या पंडिताने पुराणांच्या पोथ्यांत खाडाखोड करून त्याला हवी ती वचने पुरवली होती, हे त्याने स्वतःच १८०५ च्या आठव्या खंडात कबूल केले. शिवाय तो दोन ब्राह्मण म्हणतो. लंडनचे कागद एक ब्राह्मण व दोन पारशी दाखवतात. पारशांना अशा प्रायश्चित्ताची गरजच नव्हती. दुसरीकडे, ही पुराणातली कथा नव्हे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, काशीच्या शास्त्रीमंडळात सहज चर्चिली जाईल अशी वार्ता आहे. तपशील डळमळीत असले तरी विलायतेहून आलेल्या ब्राह्मणाला शुद्धी करावी लागली, हा गाभा मला संभवनीय वाटतो.

त्यातील सिंधूचा उल्लेख मात्र मनात सलतो. सिंधूवरील ते ठाणे म्हणजे अटक, आणि धर्माभिमान्यांच्या दृष्टीने ती खरोखरच अटक होती. १७५८ मध्ये याच राघोबादादांची फौज तेथवर पोहोचली. दादासाहेब स्वतः लाहोरपर्यंत गेले; पुढे तुकोजी होळकर, साबाजी शिंदे प्रभृती सरदार होते. त्या मोहिमेची मराठीत म्हण झाली. आजही कोणी परीक्षेत पहिला आला की आपण त्याच्या अटकेपार झेंड्यांचे कौतुक करतो. त्याच धन्याचा वकील त्याच नदीवरून, हातात झेंडा न घेता, हरलेल्या कामाची कागदपत्रे घेऊन आला, तेव्हा त्याच्या हातचे पाणी बंद झाले.

इतिसामुद्दीन १७६६ मध्ये विलायतेस गेला, अबू तालिब १७९९ मध्ये निघाला; दोघांनीही फारसीत आपले प्रवास लिहून ठेवले. हणमंतराव आपणांस भेटतात ते बर्क यांच्या पत्रात आणि विल्फर्डच्या ऐकीव हकिकतीत. काचघरातून बाहेरचा पाऊस पाहताना त्यांना काय वाटले, रतनजींशी ते संध्याकाळी काय बोलत, थंडीत पहाटेच्या स्नानाचे कसे जमवत, हे सारे मोडीतच लिहिले गेले असते. मी गेल्या जूनपासून मोडी शिकतो आहे. अजून जोडाक्षरांपाशी अडखळतो.