तट्टाच्या पाठीवर मावेल तेवढेच छप्पर

तंबू ऋतू पाहून निवडावा, असे आज कुणीही सांगेल. पावसाळ्यात दुपदरी, उन्हाळ्यात हवा खेळती राहील असा, थंडीत बुटका आणि चहूबाजूंनी बंद. हौसेने चार दिवस बाहेर राहणाऱ्याला हा सल्ला पुरतो. पण ज्यांचे पोट वर्षानुवर्षे उघड्या माळावरच्या मुक्कामावर चालले, त्यांनी निवारा कशावरून निवडला हे पाहायचे तर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा इतिहास चाळावा. भीमा, नीरा आणि कऱ्हा यांच्या मधल्या या पट्ट्यातून फौजा गेल्या, पालख्या गेल्या, मोजणीदार साहेब गेले, मेंढरांचे वाडे गेले आणि आता दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. प्रत्येकाने डोक्यावर काही ना काही ताणले. त्या सगळ्यांकडे एकत्र पाहिले की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. बाहेर केव्हा पडायचे हे ऋतूने ठरवले, पण कोणत्या छपराखाली झोपायचे हे ओझ्याने ठरवले. ते ओझे कोण वाहणार, कशावर वाहणार आणि उद्या पुन्हा उचलायचे आहे की नाही, हे प्रश्न पावसाच्या आणि थंडीच्या आधी येत.

सुरुवात घोडदळापासून करावी लागते. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही शहाजीराजांची जहागीर. त्यातले सुपे आज बारामती तालुक्यात आहे. हा सगळा मुलूख भीमथडीचा, आणि भीमथडीचे तट्टू म्हणजे मराठी घोडदळाचा कणा. अंगाने लहान, चाऱ्याला काटक, डोंगर चढायला पक्के. अशा जनावराच्या पाठीवर स्वार, त्याचे दाणापाणी आणि हत्यार चढले की उरते ती जागा घोंगडीची, फार तर हलक्या पालाची. सभासद बखरीत लष्कराच्या वर्षाची आखणी दिली आहे. आठ महिने परमुलखात, पावसाळ्यात आपल्या देशात छावणी, आणि दसरा झाला की पुन्हा कूच. याच आखणीत छावणीला माणसांसाठी आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार ठेवावीत असे म्हटले आहे. म्हणजे पावसाळ्यासाठी निराळा तंबू निवडण्याचा प्रश्नच या व्यवस्थेने ठेवला नाही. कापड फिरतीला आणि गवत मुक्कामाला. शिवाजी महाराजांनी मे 1673 मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयासाठी ते नेहमी आठवले जाते. पण त्याचा मोठा भाग आगीच्या भीतीने भरला आहे. कुणी गवताजवळ चूल मांडेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि एका खणाला लागलेली आग सगळे खण घेऊन जाईल, ही चिंता त्यात ओळीओळीने आली आहे. गवताचे छप्पर पावसाला चांगले, पण विस्तवाला भित्रे. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

यावर एक आक्षेप येणार. मोठ्या माणसांचे तंबू मोठे आणि लहानांचे लहान, यात ओझ्याचा काय संबंध? हा तर मानमरातबाचा खेळ. आक्षेप अर्धा खरा आहे. पण मानमरातब जमिनीवर उभा राहतो तो जनावरांच्या संख्येवर. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त बादशाही मुक्काम हलवायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे आणि 100 हमाल लागत असल्याची नोंद केली आहे. तंबूंचे दोन संच असत, एकात बादशहा राहत असताना दुसरा पुढच्या मुक्कामाला रवाना होई. ऐट होती ती या वाहतुकीची. औरंगजेबाने आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षे दख्खनेत बहुतेक अशाच कापडी शहरात काढली. त्यातली काही वर्षे त्याचा तळ इंदापूरच्या खालच्या अंगाला, भीमेकाठी ब्रह्मपुरीला होता. एवढे वाहन हाताशी असूनही 1700 सालच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला खवासपूरला माण नदीचा लोंढा रातोरात छावणीत शिरला, माणसे-जनावरे वाहून गेली आणि गडबडीत पडून बादशहाचा गुडघा कायमचा अधू झाला. पावसाळा सरला असे समजून माणदेशातल्या कोरड्या नदीकाठी तळ टाकला की काय होते, याचा हा दाखला आहे. हा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षभरात पाऊस साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा भाग भाद्रपद-आश्विनातला. बादशाही तंबूंच्या या ऐटीचा मोह पुढे मराठ्यांनाही पडला. 1760 च्या उत्तरेकडच्या स्वारीत सदाशिवरावभाऊंच्या लष्करातले भरजरी, उंच डेरे ग्रँट डफने वर्णिले आहेत आणि आधीच्या सड्या फौजांशी त्यांचा फरक दाखवला आहे. पानिपतच्या पराभवाचे खापर तंबूंवर फोडणे चूक ठरेल, त्याला उपासमारीपासून एकाकीपणापर्यंत कितीतरी कारणे होती. तरी तट्टावरचे लष्कर हत्ती-उंटांवर आले की त्याची चाल बदलते, एवढे त्यावरून म्हणता येते.

इंग्रजी अमलात तंबूचे ओझे गावाच्या अंगावर आले. मुंबई इलाख्यातल्या जमीन मोजणीची पद्धत जिथे घडली ते ठिकाण म्हणजे इंदापूर तालुका. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची आकारणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 मध्ये इथूनच नव्याने काम सुरू केले, आणि त्यांचे 30 वर्षांचे दर पुढे इलाखाभर नमुना ठरले. दिवाळीनंतर साहेबाने जिल्ह्यात दौऱ्यावर निघायचे आणि पावसाआधी परतायचे, हा सरकारी शिरस्ता होता. त्याचा तंबू जाड कापडाचा, दुहेरी छताचा, कनाती लावलेला, आत खाट आणि टेबल. थंडीसाठी इतके जड बिऱ्हाड लागत नाही. ते शक्य झाले कारण गाड्या आणि बैल गावांनी पुरवायचे होते, कधी मोलाने, कधी वेठीने. मेखा ठोकणारे आणि पाणी भरणारे हातही गावचेच. वाहणारा दुसरा असला की माणूस जड छप्पर निवडतो.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र वारीचा आहे. 1685 मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला असे मानले जाते. देहूहून निघालेली ही पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशा मुक्कामांनी नीरेपर्यंत जाते, आणि जाते ती ज्येष्ठ-आषाढात, ऐन पावसाच्या दिवसांत. लाखो माणसे कापडाखाली झोपतात. मग पावसाळ्यात कापड चालत नाही हे म्हणणे कुठे टिकले? उत्तराचा एक भाग पर्जन्यछायेत आहे. पुणे मागे टाकून पालखी यवत-वरवंडकडे आली की पाऊस झपाट्याने ओसरतो, आणि बारामती-इंदापुरात आषाढात ढग पुष्कळ पण धारा थोड्या. दुसरा भाग राहुटीत आहे. दोन उभे खांब, त्यांवर एक आडवा, दोन्हीकडे उतरते सुती कापड, तणावे आणि मेखा, एवढाच तिचा संसार. सुती कापड भिजले की सूत फुगते, विणीतली भोके बुजतात आणि पाणी अंगावरून ओघळते. मात्र आतून कापडाला बोट लागले की तिथूनच ठिबकायला लागते, म्हणून आतल्या माणसाला अंग चोरून झोपावे लागते. भोवती कुदळीने चर खणावा लागतो. तळ मुरमाड माळावर टाकायचा, कारण नीरेकाठच्या काळ्या जमिनीत ओलीत मेख धरत नाही. पण ओल्या राहुटीचे वजन कोरडीपेक्षा कितीतरी वाढते, आणि पहाटे ती तशीच गुंडाळून पुढच्या गावी न्यायची असते. खांद्यावर पताका आणि गळ्यात वीणा घेतलेल्या माणसाला हे जमणारे नाही. पायी दिंडीला राहुटी परवडली ती आधी बैलगाडीमुळे आणि नंतर ट्रकमुळे. गाडी नसलेल्या वारकऱ्याने देवळाची ओसरी, शाळेची पडवी किंवा गावातल्या घराचा सोपा धरला. आज दिंडीचा ट्रक तंबू, भांडी आणि शिधा घेऊन पुढे जातो आणि माणसे पोहोचण्याआधी माळावर राहुट्यांची रांग उभी राहते. म्हणजे वारीने माझे म्हणणे मोडले नाही, उलट पक्के केले.

काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्या मेंढ्या ज्यांच्या, त्या धनगरांचा हिशेब सगळ्यांत चोख. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर देशावर परतायचे, ही या भागातल्या हटकर धनगरांची जुनी रीत. गुंथर सोन्थायमर यांनी याच समाजाच्या फिरतीचा आणि दैवतांचा अभ्यास केला. वाड्याबरोबर घोडी असतात, पण त्यांच्या पाठीवर भांडी, धान्य, कोंबड्या, नवी कोकरे आणि मेंढरे कोंडायच्या जाळ्या असतात. माणसाच्या छपराला उरते काय? घोंगडी. ती रात्री अंथरूण-पांघरूण, पावसात डोक्यावरची खोळ आणि उन्हात सावली. एकच वस्तू तिन्ही ऋतूंत वापरायची, कारण तीन वस्तू वाहता येत नाहीत. शिवाय ती आपल्याच मेंढराच्या लोकरीची.

आता कालव्याचे पाणी आले तेव्हापासूनची गोष्ट. दुष्काळी काम म्हणून 1876 मध्ये सुरू झालेला नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला आणि या कोरड्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. 1930 नंतर वालचंदनगर, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगरचे सहकारी कारखाने आले. ऊस तोडायला बीड, पाथर्डीकडची माणसे येऊ लागली, उचल घेऊन, कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, हिशेबाने. दसरा-दिवाळीनंतर येणे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणे, हे वेळापत्रक घोडदळाच्या वेळापत्रकाशी जवळजवळ जुळते. त्यांचे छप्पर म्हणजे कोपी. बांबू वाकवून रोवायचे, वर चटई किंवा पाचट टाकायचे, आजकाल त्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि दोरीने आवळायचे. दार म्हणजे जुनी साडी. आत शिरताना कमरेत वाकावे लागते आणि चूल दारातच. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या टोळ्या कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर राहतात, त्यांची कोपी थोडी दणकट आणि शेजारी बैलांची दावण. ट्रक-ट्रॅक्टरवर ऊस भरणाऱ्यांना फडाबरोबर हलावे लागते, त्यांची कोपी अधिक ठेंगणी आणि तकलादू. एकाच जिल्ह्यातली माणसे, एकच हंगाम, एकच थंडी, आणि तरीही छपरे दोन प्रकारची. फरक आहे तो हलवण्याचा.

कोपी थंडीसाठी निवडलेली नाही, पावसासाठी तर नाहीच. मार्गशीर्ष-पौषात नीरेकाठच्या भिजवलेल्या उसाच्या रानात गारठा हाडात शिरतो. अवकाळी पाऊस आला की काळ्या रानातली कोपी तळातून ओली होते आणि तान्ही मुले उसाच्या गाडीखाली न्यावी लागतात. वाळलेल्या पाचटाला दारातली चूल लागून असते, म्हणजे 1673 च्या पत्रातली भीती आजही जशीच्या तशी. कुणी म्हणेल, ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोपीतच राहत आली, त्यांना तेच सोयीचे. हे मला मान्य नाही. सोयीचे म्हणण्यासाठी आधी निवड करायला मिळावी लागते. स्वाराने पाल निवडले ते चालीसाठी, धनगराने घोंगडी निवडली ती कळपासाठी. तोडकऱ्याला मिळते ते बांबू-चटईचे सामान आणि फडातले पाचट.

आणि ओझ्याची अडचण तर आता उरलेलीच नाही. जो ट्रक फडातून दहा-पंधरा टन ऊस उचलतो, त्याला जलरोधक कापडाचा, खाली जाड अंथरी असलेला, उभे राहता येईल इतक्या उंचीचा तंबू वाहणे जड नाही. वारीतल्या दिंड्या तेच दरवर्षी, याच रस्त्याने करून दाखवतात. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, त्याला उसाच्या टनामागे पैसा मिळायची तरतूद आहे. बारामती आणि इंदापूरच्या कारखान्यांच्या संचालकांनी पुढच्या गाळपाआधी बांबू आणि चटया देण्याऐवजी प्रत्येक कोयत्याला असा एक तंबू द्यावा, फड बदलला की तो ट्रकमधून हलवण्याचा खर्च कारखान्याने सोसावा, आणि चूल तंबूपासून लांब मांडायची जागा तळ आखतानाच ठरवून द्यावी.