साराजेव्होचा मर्सिया

कोथरूडमध्ये ऑर्केस्ट्रा म्हटलं की यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि जुनी हिंदी गाणी आठवतात. मृतांच्या स्मरणासाठीही ऑर्केस्ट्रा वाजतो, हे सांगितल्यावर अम्मी म्हणाल्या, "मेलेल्यांसाठी फातिहा पढतात, वाजवत नाहीत." त्यांचं म्हणणं मला खोडायचं नाही. पण एक इतिहास सांगायला हवा.

एप्रिल 1992 मध्ये बोस्नियातल्या साराजेव्होला सर्ब फौजांनी वेढा घातला. तो फेब्रुवारी 1996 पर्यंत टिकला. शहरात मुसलमान सर्वाधिक. शेजारी सर्ब, क्रोएट, ज्यूही होते. 27 मे 1992 ला पावाच्या रांगेत उभी असलेली माणसं तोफगोळ्यांनी मारली गेली. नंतर वेद्रान स्माइलोविच हा वादक त्याच जागी बसून चेलो वाजवू लागला. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय लाखो पुस्तकांसह जळालं.

त्याच जळक्या इमारतीत 19 जून 1994 ला साराजेव्हो फिलहार्मोनिकने मोझार्टचा 'रेक्विएम' वाजवला. वेढा अजून उठला नव्हता. संचालन करत होते मुंबईत जन्मलेले पारशी झुबिन मेहता. रेक्विएम ही मृतांच्या शांतीसाठीची ख्रिस्ती प्रार्थना. मोझार्ट ती अपुरी ठेवूनच 1791 मध्ये वारला. पुढे 26 डिसेंबर 2005 ला, त्सुनामीला वर्ष झालं तेव्हा, मेहतांनी चेन्नईतही मृतांसाठी कार्यक्रम केला.

मला सर्वांत हलवून टाकते ती 6 एप्रिल 2012 ची मैफल. साराजेव्होच्या मुख्य रस्त्यावर 11,541 लाल खुर्च्या मांडल्या होत्या, मारल्या गेलेल्या प्रत्येकासाठी एक. त्यांतल्या 643 छोट्या, मुलांच्या. समोर गाणं-वाजवणं चाललं होतं आणि खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी उर्दू शिकवतो. मर्सिया शिकवताना मुलांना सांगतो की करबला घडून तेरा शतकं उलटली, तरी ती माणसं आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, कारण त्यांच्यासाठी कुणीतरी दरवर्षी सुरात रडतं. वाद्य असो वा नसो, काम तेच.

अम्मींनी 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर लहानपणी पाहिला. दर 12 जुलैला त्या फातिहा पढतात आणि नदीकाठच्या पेठेतल्या गेलेल्या शेजाऱ्यांची नावं घेतात. त्यांत हिंदू नावं जास्त आहेत. ती यादी फक्त त्यांना पाठ आहे.

येत्या जुलैत मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसणार आहे.